भिंत न चढणाऱ्या पाली

नोकरीत असताना बाहेरून येणारे फोन साधारण दोन प्रकारचे असायचे. एक, पाल दुधात पडली. दोन, पाल अंगावर पडली. पहिल्या प्रकारात लोकांना डॉक्टर हवा असायचा, दुसऱ्या प्रकारात ज्योतिषी. मी दोन्ही नव्हते. अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत सरपटणाऱ्या प्राण्यांचे नमुने सांभाळायचं आणि त्यांचा अभ्यास करायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यातही माझा विषय फक्त पाली. आपल्याकडच्या पाली विषारी नसतात, दूध टाकून द्या ते अस्वच्छ झालं म्हणून, एवढं सांगता यायचं. अंगावर पडल्याचं फळ मला माहीत नाही म्हटलं की पलीकडून नाराजी ऐकू यायची. बोरिवलीच्या एका बाईंनी तर विचारलंच होतं, "मग तुम्ही तिथे करता तरी काय?"

प्रश्न रास्त होता. फोनवर त्याचं उत्तर देणं जमलं नाही, इथे देऊन बघते.

आमच्या संग्रहाची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून दुसऱ्या इमारतीचे पाइप दिसायचे. आत भिंतभर कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये पाली. त्यातली एकेक बाहेर काढायची, भिंगाखाली धरायची आणि मोजायला लागायचं. पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा, बोटांखालच्या पट्ट्या, नराच्या मांडीखालची बारीक छिद्रं. दोन पाली वरून सारख्या दिसल्या तरी या मोजणीत फरक सापडतो, आणि फरक कायम सापडत राहिला तर ती वेगळी जात असू शकते. दिवसच्या दिवस असे जायचे. दुपारी डबा खाताना लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

संस्थेत माझ्याशी या विषयावर बोलू शकेल असा एकच माणूस होता, तावडे. तो वरच्या मजल्यावर डीएनए वाचायचा. मूळचा मालवणकडचा, राहायला दहिसरला. मी खवले मोजून सांगायचे, हे दोन वेगळे आहेत. तो पेशींतून बघून सांगायचा, ते वेगळे होऊन किती काळ लोटला असेल. आमचं भांडण झालं तरी त्याच विषयावरून व्हायचं. त्याला घर होतं, बायको होती, दोन मुली होत्या. तो संध्याकाळी वेळेवर निघायचा. मी मुलुंडच्या माझ्या फ्लॅटवर कधी पोचते याला आई गेल्यानंतर काही अर्थ राहिला नव्हता.

एकदा घाटकोपरहून पेडणेकर नावाचे गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मोबाइलवर पालीचे फोटो काढून आणले होते. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागे ती रोज संध्याकाळी येते म्हणाले. मला वाटलं, घालवायचा उपाय विचारणार. ते म्हणाले, "पाल किती वर्षं जगते?"

"घरातली, चारपाच वर्षं. थोडी जास्तही."

"मिसेस जाऊन तीन वर्षं झाली. ही तेव्हापासून आहे. म्हणजे अजून थोडा वेळ आहे ना?"

मी फोटो मोठे करून बघितले. पाठीवरची नक्षी बघितली, शेपट्या बघितल्या. एकीची शेपूट तुटून नव्याने आलेली होती, एक अंगाने रोड होती. सांगावं की नाही असा विचार मनात आला, पण फोटो घेऊन घाटकोपरहून अंधेरीला आलेल्या माणसाला गोड खोटं सांगणं मला जमलं नाही.

"पेडणेकर, ही एक नाही. तीन आहेत."

त्यांनी फोटो एकेक करून पुन्हा बघितले. मग म्हणाले, "म्हणजे घरात आम्ही चौघं," आणि चहा न घेताच उठले. जाताना चांगले खुशीत होते.

लोकांना माहीत असते ती ही भिंतीवरची पाल. माझी आयुष्यभराची ओढ मात्र भिंत न चढणाऱ्या पालींकडे होती. टीव्हीवर सव्हाना म्हटलं की आफ्रिका दिसते, सिंह आणि जिराफ. तसाच प्रदेश आपल्या दख्खनच्या पठारावर आहे. उघडं आभाळ, गुडघाभर गवत, मधूनमधून खुरटी झाडं आणि काळे दगड. त्याला आपण माळ म्हणतो आणि सरकारी कागद पडीक म्हणतात. माणूस यायच्या कितीतरी आधी या भागातला पाऊस हळूहळू कमी होत गेला. जंगलं आक्रसली, त्यांच्या जागी गवत आलं. खडकांवर आणि खोडांवर राहणाऱ्या पालींपैकी काही जमिनीवर उतरल्या. जमिनीवर चिकट बोटांचं काय काम? त्या बोटांखालच्या पट्ट्या पिढ्यानपिढ्या आखूड होत गेल्या, अंग मातीच्या रंगाचं झालं, आणि त्या दगडाखाली दिवस काढून अंधार पडायच्या सुमाराला बाहेर यायला शिकल्या.

आता गंमत अशी की ही पाल लांब जात नाही. दोन माळांच्या मधे एखादी नदी किंवा काळ्या मातीच्या शेतीचा पट्टा आला की तिच्यासाठी तो समुद्रच. अलीकडच्या माळावरचीला पलीकडची कधी भेटत नाही. त्यांची पिल्लं भेटत नाहीत, पिल्लांची पिल्लं भेटत नाहीत. असं खूप काळ चाललं की दोन माळांवर दोन जाती होतात. आपल्या पठारावर जमिनीवरच्या पालींच्या इतक्या जाती का, याचं उत्तर बऱ्याच अंशी हेच आहे. माझं सगळं शास्त्र म्हणजे एका परीने न भेटण्याचा इतिहास आहे. तावडेला हे वाक्य आवडायचं नाही. "उगाच रडकं करू नकोस गो," म्हणायचा.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांच्या गावी गेले. वडील सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, दुष्काळी भागातले. भांडुपला कारखान्यात लागले आणि परत राहायला कधी गेले नाहीत. गावात त्यांची बहीण होती, सोनाआत्या. नवरा लवकर गेला, मूल नाही. वस्तीच्या टोकाला दोन खोल्या, आणि तिच्या मागच्या दारापासूनच माळ सुरू व्हायचा. आसपासच्या माळांवर, अगदी गावच्या नदीपलीकडच्याही, मी काम केलं होतं, पण हा राहून गेला होता. नातेवाइकांच्या गावात दगड उलटत फिरायचा मला संकोच वाटायचा.

आत्याला मात्र संकोच नव्हता. "आमच्या दादाची पोर हाय, पालींची डाक्टरीण," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. मला म्हणाली, "मुंबईत पाली न्हाईत व्हय गं?"

"आहेत. पण त्या वेगळ्या."

"आन हितली येगळी हाय कशावरनं?"

"तेच बघायचंय."

ती माझ्याबरोबर माळावर यायची. मी दगड उचलायचे, खाली बघायचे आणि तो होता तसा परत ठेवायचे. हा आमच्या कामातला नियम आहे. दगड उलटा टाकून पुढे गेलात तर खालचं सगळं उन्हाने मरतं. आत्या थोड्या अंतरावर बसून शेण्या वेचल्यासारखे बारीक खडे वेचत मला गावातल्या गोष्टी सांगायची. बहुतेक मेलेल्या माणसांच्या असत. तिची बोलायची माणसं तिकडेच जास्त होती.

एका सपाट दगडाखाली ती पाल सापडली. बोटं आखूड, पाठीवर मोठ्या खवल्यांच्या रांगा, आणि डोळ्यापासून मागे जाणारी एक फिकट रेघ, जी नदीपलीकडच्या माळावरच्या पालींना नव्हती. मादी होती, अंगाने भरलेली. तिला मी कापडी पिशवीत घातलं. वनखात्याची परवानगी माझ्याकडे होती. नव्या जातीचं वर्णन करायचं तर निदान एक प्राणी कायमचा जपून ठेवावा लागतो, पुढच्या शंभर वर्षांत कुणालाही येऊन तपासता यावा म्हणून. जपून ठेवावा म्हणजे काय, ते उघड आहे. हे काम मी आयुष्यभर केलं आणि त्याची सवय झाली नाही.

मुलुंडला पोचून पिशवी उघडली तर आत पांढरी, टणक कवचाची दोन अंडी होती. वाटेत कुठेतरी घातली असणार.

मादी अंधेरीला बरणीत गेली. अंडी मी आणलेल्या मातीत ठेवून स्वयंपाकघरात ठेवली, कारण घरात सगळ्यात सारखी ऊब तिथेच असते. एक खराब झालं. दुसऱ्यातून पुढे उन्हाळ्यात पिल्लू बाहेर आलं. पाठीवर गडद पट्टे आणि शेपूट विटकरी रंगाची, आईच्या रंगाशी काही संबंध नाही. या जातीचं पिल्लू कसं दिसतं हे तोवर कुणी लिहिलेलं नव्हतं, लिहिणार कसं, जातच माहीत नव्हती. मी फोटो काढले, तावडेला पाठवले. तो रविवारी दहिसरहून मुलुंडला ते बघायला आला. काचेच्या पेटीजवळ लहान मुलासारखा उकिडवा बसला.

"झकास आहे यार," म्हणाला. मग मान वर करून, "नाव ठेवलंस की काय हिला?"

"नाही."

"बोलतेस का हिच्याशी?"

मी चहा टाकायला उठले. मी बोलत होते. सकाळी दूध तापवताना, संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर. निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते आणि घरात आवाज करणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला खायला घालायला मी सोसायटीच्या आवारातल्या जुन्या झाडाची वाळवी एका डबीत गोळा करायचे. सेक्रेटरींनी एकदा पाहिलं. "मॅडम, लोकं वाळवी घालवायला माणूस बोलावतात, तुम्ही घरी नेताय?" त्यानंतर लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी फारसं बोलेना.

थंडी सुरू झाली की ती परत माळावर सोडायची, असं ठरवलं होतं. तिकडे आत्याचीही गाठ पडेल म्हणून मी फोन करत होते, पण तो लागत नव्हता. लागला तो चुलतभावाचा, आणि त्याने सांगितलं की आत्या गेली. तीन दिवस झाले होते. झोपेत गेली. "तुला फोन लावत व्हतो, लागला न्हाय," म्हणाला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावाने होणाऱ्या वंदनेच्या कार्यक्रमाला ये, असंही म्हणाला.

मी छोट्या डबीत पिल्लाला घेतलं आणि निघाले.

वस्तीवर पोचले तेव्हा मंडपात माणसं बसली होती, बुद्धवंदना चालू होती. मी मागे जाऊन बसले. आत्याच्या घराचं मागचं दार उघडं होतं आणि त्यातून समोर माळ दिसायला हवा होता. दिसत होती ती लाल माती. सपाट, दूरपर्यंत, मधे पिवळं मशीन उभं.

कार्यक्रम झाल्यावर चुलतभावाने सांगितलं. सौर ऊर्जेचा प्रकल्प यायचाय. जमीन सरकारी कागदावर पडीकच होती, कुणाला काय हरकत असणार? मोठे दगड एका बाजूला लोटून क्रशरला गेले. बारीकसारीक चेपले. मी विचारलं, सगळाच का?

"न्हाय, त्या टोकाला थोडा हाय. तिथं आपली जुनी पुरायची जागा. सोनाआत्याला तिथंच पुरलं, तिनंच सांगून ठेवलं व्हतं. दुसऱ्या दिशी मशीन तिकडं आलं, तर बायका जाऊन उभ्या ऱ्हायल्या. माती अजून ओली हाय म्हणाल्या, येक दिस तरी कळ काढा. ड्रायवर बी भला माणूस, मशीन वळवून घेतलं त्यानं. मग गावानं अर्ज दिला. तेवढा तुकडा सोडला त्यांनी."

मी त्या टोकाला एकटी गेले. फार मोठी जागा नव्हती. वाळलं गवत, पुष्कळ दगड, काही नुसते पडलेले, काही माणसांनी आणून ठेवलेले. कुठला कशाचा, हे बाहेरच्याला कळणार नाही. आत्याची माती ताजी होती म्हणून ओळखू आली. तिच्यावरही दगड रचलेले होते.

माझी अडचण सांगते. त्या तुकड्यात ही पाल शिल्लक आहे का, हे बघायची एकच खात्रीची पद्धत मला येत होती, दगड उचलून खाली बघायचं. आणि तिथला दगड मी उचलू शकत नव्हते. हजारो दगड उचललेले हात नुसते गुडघ्यावर ठेवून बसले. डबीतल्या पिल्लाचा प्रश्न होताच. नदीपलीकडे भरपूर माळ होता, पण तिथे दुसरी जात. आपल्या सोयीसाठी एकीला दुसरीच्या घरात सोडायचं नाही, हे मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. परत मुलुंडला न्यायचं, असाही विचार आला. खोटं कशाला बोलू, तो जरा जास्त वेळच आला. काचेच्या पेटीत ती चारपाच वर्षं जगली असती. मला सोबत झाली असती. पण मग ती जगात कुठेही नसलेल्या जागेची पाल झाली असती.

ऊन उतरल्यावर मी डबी उघडून आडवी ठेवली. ती लगेच बाहेर आली नाही. मग आली, गवताच्या मुळाशी थांबली आणि आत्याच्या पायाकडच्या दगडांत गेली. विटकरी शेपूट शेवटी दिसली. मी उजेड असेपर्यंत बसले. दुसरं काही हललं नाही.

मुंबईला आल्यावर तावडेचा फोन आला. आमचा शोधनिबंध तयार होता. त्याच्या कामातूनही ही जात नदीपलीकडच्या जातीपासून फार जुन्या काळी वेगळी झाल्याचं निघालं होतं. नाव, मोजमापं, फोटो, सगळं झालं होतं. राहिला होता एक परिच्छेद, ती कुठे राहते त्याचा. तिथे एक क्रियापद अडलं होतं.

"काय लिहू?" त्याने विचारलं. "आसा म्हणान लिवू, की होती?" मन हललं की तो मालवणीवर जायचा.

"एक सोडलीय मी."

"एकटीला आहे म्हणता येत नाही गो. तुलाच माहितीय."

"थांब जरा," मी म्हटलं.

तो थांबला. पावसाळा गेला, मी वाट बघितली. बरणीतली मादी अंधेरीत, पिल्लू माळाच्या तुकड्यावर, आणि मी मुलुंडला रिकामी काचेची पेटी पुसून माळ्यावर टाकलेली. पुढच्या थंडीत परत गेले. आत्याच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने चहा दिला, कशाला आलीस विचारलं नाही. त्यांना वाटत होतं मी आत्याला भेटायला येते. तेही खोटं नव्हतं.

लाल मातीवर आता काळ्या काचांच्या रांगा उभ्या होत्या. त्यांच्या कुंपणाबाहेर तो तुकडा. आत्याची माती बसली होती आणि तिच्यावर गवत आलं होतं. मी कशालाही हात न लावता कडेला बसले. सूर्य गेला, काचा काळवंडल्या. अंग आखडायला लागलं तेव्हा आत्याच्या पायाकडच्या दगडांतून एक पाल बाहेर आली. माझी नव्हती. मोठी होती, शेपूट कधीतरी तुटून परत आलेली, बरीच वर्षं काढलेलं जनावर. डोळ्यापासून मागे जाणारी फिकट रेघ मावळत्या उजेडातही दिसत होती. तिने मान उचलली आणि तशीच थांबली.

तावडेला सांगायला हवं होतं. तिथे रेंज नव्हती, त्यासाठी रस्त्यापर्यंत जावं लागलं असतं. हललं तर ती आत गेली असती. तावडे वर्षभर थांबला होता, अजून थोडा थांबणार होता. मी तशीच बसून राहिले. दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिथे होतो.